ज्युलियन बाँड

होरेस ज्युलियन बाँड (१४ जानेवारी १९४० – १५ ऑगस्ट २०१५) हे अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचे राजकारणी, नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्ते, लेखक आणि प्राध्यापक होते. जॉर्जियाच्या विधिमंडळात ते एकूण वीस वर्षे सदस्य होते. प्रथम ते प्रतिनिधिगृहात (१९६७–१९७५) आणि त्यानंतर राज्य सिनेटमध्ये (१९७५–१९८७) होते. १९६५ साली मतदारांनी त्यांना निवडून दिले. परंतु व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निवेदनाला त्यांनी पाठिंबा दिला म्हणून सभागृहाने जानेवारी १९६६ मध्ये त्यांना शपथ घेऊ दिली नाही. हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ‘बाँड विरुद्ध फ्लॉइड’ या खटल्यात न्यायालयाने एकमताने बाँड यांच्या बाजूने निकाल दिला. लोकप्रतिनिधीच्या भाषणस्वातंत्र्यासंबंधीचा हा एक आधारभूत निकाल मानला जातो.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

बाँड यांचा जन्म टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे झाला. त्यांचे आजोबा जेम्स बाँड हे जन्माने गुलाम होते. गुलामगिरी नष्ट झाल्यावर त्यांनी केंटकीतील बेरिया महाविद्यालयातून पदवी घेतली. वडील होरेस मान बाँड हे नामवंत शिक्षणतज्ज्ञ होते. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाच्या इतिहासावरील त्यांचे संशोधन प्रसिद्ध आहे. १९४५ साली ते पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. त्या पदावर नियुक्त झालेले ते पहिले कृष्णवर्णीय होत. आई ज्युलिया या ग्रंथपाल होत्या. विद्यापीठाच्या आवारात वाढल्यामुळे ज्युलियन यांना लहानपणापासून मोठमोठ्या विद्वानांचा सहवास लाभला.

त्यांचे शालेय शिक्षण पेनसिल्व्हेनियातील ‘जॉर्ज स्कूल’ या निवासी शाळेत झाले. ही शाळा क्वेकर पंथीयांची होती. या पंथात युद्धाला तात्त्विक विरोध असतो. बाँड यांच्या शांततावादी विचारांची जडणघडण याच वातावरणात झाली. १९५७ साली वडिलांना अटलांटा विद्यापीठात पद मिळाल्याने कुटुंब जॉर्जियात आले आणि ज्युलियन यांनी तेथील मोरहाउस महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे मार्टिन ल्यूथर किंग (धाकटे) हे त्यांना तत्त्वज्ञानाच्या एका वर्गाला शिकवत होते. महाविद्यालयात असताना ते कविता लिहीत आणि ‘पेगासस’ या वाङ्मयीन नियतकालिकाच्या उभारणीतही त्यांचा सहभाग होता. चळवळीत पडल्यामुळे १९६१ साली त्यांचे शिक्षण अर्धवट सुटले. इंग्रजी विषयाची पदवी त्यांनी पुढे दहा वर्षांनी, १९७१ साली, पूर्ण केली. त्या वेळी ते विधिमंडळाचे सदस्य होते.

विद्यार्थी चळवळ

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत त्या काळी वर्णविलगीकरणाचे कायदे लागू होते. शाळा, बसगाड्या, उपाहारगृहे, स्वच्छतागृहे यांत गौरवर्णीय आणि कृष्णवर्णीय यांची व्यवस्था वेगळी असे. फेब्रुवारी १९६० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे चार विद्यार्थ्यांनी केवळ गौरवर्णीयांसाठी राखलेल्या उपाहारगृहात ठिय्या दिला. त्यानंतर बाँड आणि त्यांचे सहाध्यायी लॉनी किंग यांनी अटलांटातील कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना एकत्र आणले. ९ मार्च १९६० रोजी या विद्यार्थ्यांचे मानवी हक्कांविषयीचे आवाहन अटलांटाच्या वृत्तपत्रांत पूर्ण पानभर प्रसिद्ध झाले. १५ मार्चला शहरात ठिकठिकाणी ठिय्या आंदोलने झाली. नगरभवनातील उपाहारगृहात गेलेल्या तुकडीचे नेतृत्व बाँड यांच्याकडे होते. तेथे त्यांना अटक झाली.

एप्रिल १९६० मध्ये रॅली येथील शॉ विद्यापीठात एला बेकर यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांची परिषद भरली. तीतून विद्यार्थी अहिंसक समन्वय समिती स्थापन झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून ही संघटना ‘स्निक’ या नावाने ओळखली जाते. तिच्या उद्दिष्टांचे निवेदन लिहिणारे जेम्स लॉसन हे १९५० च्या दशकात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात काम करून गेले होते आणि तेथेच त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला होता.

१९६१ पासून १९६६ पर्यंत बाँड ‘स्निक’चे प्रसिद्धिप्रमुख होते. मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया या राज्यांच्या ग्रामीण भागांत मतदार नोंदणी करणाऱ्या कार्यकर्त्यांना मारहाण, अटक, प्रसंगी मृत्यूही पत्करावा लागे. स्थानिक वृत्तपत्रे अशा घटना बहुधा छापत नसत. या घटनांचे तपशील पडताळून ते देशभरच्या वृत्तसंस्थांकडे पोहोचवणे हे बाँड यांचे काम होते. वृत्तपत्रांनी संघटनेच्या शब्दावर विश्वास ठेवावा म्हणून माहितीच्या अचूकतेवर त्यांचा कटाक्ष असे.

विधिमंडळावर निवड

जॉर्जियातील निवडणूक पद्धती दीर्घकाळ ग्रामीण परगण्यांच्या बाजूने झुकलेली होती. लोकसंख्या कितीही वाढली तरी शहरांना त्या प्रमाणात प्रतिनिधित्व मिळत नसे. १९६२ ते १९६४ या काळात सर्वोच्च न्यायालयाने ‘एक व्यक्ती, एक मत’ हे तत्त्व प्रस्थापित केले. त्यानुसार राज्याला मतदारसंघांची पुनर्रचना करावी लागली आणि जून १९६५ मध्ये नव्या मतदारसंघांत विशेष निवडणूक झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा संमत झाला.

बाँड यांनी अटलांटातील १३६ व्या मतदारसंघातून डेमोक्रॅटिक पक्षातर्फे निवडणूक लढवली. येथील मतदार बहुसंख्येने कृष्णवर्णीय आणि अल्प उत्पन्न गटातील होते. पंचवीस वर्षांचे हे उमेदवार घरोघरी जात आणि आमदाराने काय करावे असे लोकांनाच विचारत. ताशी दोन डॉलर किमान वेतन आणि मतदारांची साक्षरता परीक्षा रद्द करणे हे मुद्दे त्यांच्या जाहीरनाम्यात होते. सुमारे ८२ टक्के मते मिळवून ते विजयी झाले. या निवडणुकीत त्यांच्यासह आठ कृष्णवर्णीय उमेदवार प्रतिनिधिगृहावर निवडून आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकानंतर त्या सभागृहात कृष्णवर्णीय सदस्य येण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

आसन नाकारले जाणे

३ जानेवारी १९६६ रोजी अलाबामातील टस्कीगी येथे ‘स्निक’चे कार्यकर्ते सॅमी यंग यांची हत्या झाली. गौरवर्णीयांसाठी राखलेले स्वच्छतागृह वापरण्यावरून झालेल्या वादात त्यांना गोळी घालण्यात आली. यंग यांनी नौदलात सेवा केली होती. ६ जानेवारीला ‘स्निक’ने व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निवेदन प्रसिद्ध केले. सरकार देशातच कृष्णवर्णीयांचे संरक्षण करत नसताना परदेशात स्वातंत्र्याच्या नावाने युद्ध करते, हा त्याचा आशय होता. सक्तीच्या सैन्यभरतीला नकार देणाऱ्या तरुणांविषयी त्यात सहानुभूती व्यक्त केली होती आणि नागरी हक्कांचे काम हा लष्करी सेवेला पर्याय मानला जावा असे सुचवले होते.

निवेदनाचा मसुदा बाँड यांनी लिहिलेला नव्हता. त्याच दिवशी एका नभोवाणी वार्ताहराने त्यांना दूरध्वनीवर याविषयी विचारले, तेव्हा आपण निवेदनाशी सहमत आहोत असे त्यांनी सांगितले. शांततावादी या नात्याने आपला सर्वच युद्धांना विरोध आहे, असेही ते म्हणाले. ही मुलाखत प्रसृत होताच गदारोळ उठला. प्रतिनिधिगृहाच्या ७५ सदस्यांनी त्यांना आसन देण्यास आक्षेप घेणाऱ्या याचिका दाखल केल्या. अशा विचारांचा मनुष्य संविधानाशी निष्ठेची शपथ प्रामाणिकपणे घेऊच शकत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता.

१० जानेवारी १९६६ रोजी अधिवेशन सुरू झाले. इतर सदस्यांचा शपथविधी होताना बाँड यांना बाजूला थांबण्यास सांगण्यात आले. चौकशीच्या वेळी त्यांनी आपले म्हणणे मागे घेतले नाही. सैन्यभरतीचे ओळखपत्र जाळणाऱ्यांच्या धैर्याचे आपल्याला कौतुक वाटते. परंतु ते जाळण्याचा सल्ला आपण कोणालाही दिलेला नाही आणि स्वतःचे ओळखपत्रही जवळ बाळगले आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. शपथ घेण्याची आपली तयारी असल्याचेही त्यांनी सांगितले. तरीही सभागृहाने १८४ विरुद्ध १२ मतांनी त्यांना आसन नाकारले. या निर्णयाच्या निषेधार्थ मार्टिन ल्यूथर किंग यांनी १४ जानेवारीला राज्य विधानभवनावर मोर्चा नेला.

‘बाँड विरुद्ध फ्लॉइड’ खटला

बाँड यांनी फेडरल जिल्हा न्यायालयात दाद मागितली. तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मतांनी राज्याच्या बाजूने निकाल दिला. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील झाले. दरम्यान रिक्त घोषित झालेल्या जागेसाठी फेब्रुवारी १९६६ मध्ये विशेष निवडणूक झाली, तीत बाँडच पुन्हा निवडून आले. सभागृहाच्या नियम समितीने त्यांना विधाने मागे घेण्यास सांगितले. त्यांनी नकार दिल्यावर आसन दुसऱ्यांदा नाकारण्यात आले. नोव्हेंबरच्या नियमित निवडणुकीतही मतदारांनी त्यांनाच निवडले. अशा रीतीने सुमारे दीड वर्षात एकाच मतदारसंघाने एकाच व्यक्तीला तीनदा निवडून दिले आणि तरीही १९६६ चे संपूर्ण अधिवेशन त्या मतदारसंघाला आपल्या प्रतिनिधीविना काढावे लागले.

५ डिसेंबर १९६६ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जाहीर झाला. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी लिहिलेल्या या एकमताच्या निकालातील मुख्य मुद्दे पुढीलप्रमाणे होते.

पहिला मुद्दा अधिकाराचा होता. वय, निवास आणि नागरिकत्व यांविषयीच्या राज्याच्या सर्व अटी बाँड पूर्ण करतात, हे राज्यालाही मान्य होते. सदस्यांकडून संविधाननिष्ठेची शपथ घेण्याचा अधिकार राज्याला आहे. मात्र एखादा सदस्य ती शपथ मनापासून घेतो की नाही हे बहुमताने ठरवण्याचा अधिकार सभागृहाला नाही. तसा अधिकार मान्य केला, तर राष्ट्रीय वा राज्याच्या धोरणावर टीका करणाऱ्या कोणत्याही सदस्याला निष्ठेच्या नावाखाली बाहेर ठेवणे बहुसंख्याकांना शक्य होईल.

दुसरा मुद्दा बाँड यांच्या विधानांचा होता. ही विधाने कायदा मोडण्यास चिथावणी देणारी आहेत, हा राज्याचा दावा न्यायालयाने फेटाळला. सैन्यभरतीला पर्याय असावेत अशी मागणी करणे म्हणजे कायद्याचा भंग करा असे सांगणे नव्हे. हेच शब्द सामान्य नागरिकाने उच्चारले असते, तर पहिल्या घटनादुरुस्तीमुळे त्याला शिक्षा करता आली नसती.

तिसरा मुद्दा या निकालाचा गाभा आहे. नागरिकाला जेवढे भाषणस्वातंत्र्य असते, तेवढे लोकप्रतिनिधीला असू नये, त्याच्यावर अधिक कडक बंधने असावीत, असा युक्तिवाद राज्याने केला होता. न्यायालयाने तो नाकारला. प्रातिनिधिक शासनपद्धतीत वादग्रस्त प्रश्नांवर भूमिका घेणे हे लोकप्रतिनिधीचे कर्तव्यच असते. आपला प्रतिनिधी काय विचार करतो हे कळले, तरच मतदार त्याचे मूल्यमापन करू शकतात. म्हणून धोरणविषयक मत मांडण्याची अत्यंत व्यापक मोकळीक त्याला असली पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले.

९ जानेवारी १९६७ रोजी बाँड यांनी शपथ घेतली आणि प्रतिनिधिगृहात आपले आसन ग्रहण केले.

१९६८ चे शिकागो अधिवेशन

१९६८ साली डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन शिकागोत भरले. जॉर्जियाच्या अधिकृत प्रतिनिधी मंडळाची निवड राज्यपाल लेस्टर मॅडॉक्स यांच्या प्रभावाखाली झाली होती. मॅडॉक्स हे वर्णविलगीकरणाचे कट्टर समर्थक होते आणि त्या मंडळात कृष्णवर्णीय प्रतिनिधी नाममात्र होते. त्याला आव्हान देणाऱ्या पर्यायी मंडळाच्या नेत्यांत बाँड अग्रभागी होते. अखेर तडजोड होऊन राज्याची मते दोन्ही मंडळांत निम्मी निम्मी वाटण्यात आली.

याच अधिवेशनात उपराष्ट्राध्यक्षपदासाठी बाँड यांचे नाव सुचवण्यात आले. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात या पदासाठी कृष्णवर्णीय व्यक्तीचे नाव पुढे येण्याची ही पहिलीच वेळ होती. संविधानाप्रमाणे त्या पदासाठी वयाची ३५ वर्षे पूर्ण असावी लागतात. बाँड तेव्हा २८ वर्षांचे होते. त्यांनी व्यासपीठावरून हे कारण सांगून नाव मागे घेतले. या प्रसंगामुळे ते देशभर परिचित झाले.

विधिमंडळातील कार्य

सुरुवातीच्या काळात सभागृहातील अनेक सदस्य त्यांच्याशी फटकून वागत. त्यामुळे कायदे संमत करून घेणे त्यांना कठीण गेले. पुढे ही स्थिती हळूहळू बदलली. अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना कमी व्याजाने गृहकर्ज मिळावे यासाठीच्या योजनेत त्यांचा पुढाकार होता. विधिमंडळातील कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटाच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. १९७५ पासून ते राज्य सिनेटमध्ये होते.

विधिमंडळाबाहेरही त्यांचे काम चालू होते. १९७१ साली अलाबामातील माँटगोमेरी येथे मॉरिस डीस आणि जोसेफ लेव्हिन या वकिलांनी ‘सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर’ ही संस्था स्थापन केली. गरीब आणि अन्यायग्रस्त लोकांना कायदेशीर साहाय्य देणाऱ्या या संस्थेचे बाँड हे पहिले अध्यक्ष होते (१९७१–१९७९).

मतदारसंघाची पुनर्रचना आणि १९८६ ची निवडणूक

अमेरिकेत काँग्रेसच्या मतदारसंघांच्या सीमा दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर आखल्या जातात आणि बहुतेक राज्यांत हे काम राज्य विधिमंडळच करते. त्यामुळे राज्य पातळीवरील आमदाराला राष्ट्रीय राजकारणावर प्रभाव टाकण्याची संधी मिळते. १९८१ साली जॉर्जियात ही प्रक्रिया सुरू झाली, तेव्हा अटलांटातील पाचव्या मतदारसंघात कृष्णवर्णीय मतदारांचे स्पष्ट बहुमत असावे असा प्रस्ताव बाँड यांनी मांडला. विधिमंडळाने तो मान्य केला नाही आणि कृष्णवर्णीय वस्ती दोन मतदारसंघांत विभागणारा आराखडा संमत केला. मतदान हक्क कायद्यानुसार हा आराखडा फेडरल न्यायालयापुढे गेला. तो वांशिक भेदभावाच्या हेतूने तयार केल्याचा निष्कर्ष न्यायालयाने १९८२ साली काढला. नव्या आखणीत पाचव्या मतदारसंघातील कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे ६५ टक्के झाले.

१९८६ साली ही जागा रिकामी झाल्यावर बाँड यांनी तेथून उमेदवारी केली. त्यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी होते जॉन लुईस. ते ‘स्निक’चे माजी अध्यक्ष, बाँड यांचे पंचवीस वर्षांचे सहकारी आणि निकटचे मित्र होते. प्राथमिक निवडणुकीत बाँड यांना सुमारे ४७ टक्के आणि लुईस यांना सुमारे ३५ टक्के मते मिळाली. कोणालाही निम्म्याहून अधिक मते न मिळाल्याने दुसरी फेरी झाली. या फेरीचा प्रचार कटू झाला. लुईस यांनी एका वादसभेत अमली पदार्थांच्या चाचणीचे आव्हान दिले. बाँड यांनी ते स्वीकारले नाही. कृष्णवर्णीय मतदारांत बाँड यांना बहुमत मिळाले. परंतु गौरवर्णीय मतदारांचा मोठा भाग लुईस यांच्या बाजूने गेला आणि ते सुमारे ५२ टक्के मते मिळवून विजयी झाले. जो मतदारसंघ घडवण्यासाठी बाँड झगडले, त्याच मतदारसंघात त्यांचा पराभव झाला. लुईस यांनी पुढे २०२० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याचे प्रतिनिधित्व केले. दोघांच्या मैत्रीत पडलेले अंतर अनेक वर्षे टिकले. जानेवारी १९८७ मध्ये सिनेटमधील मुदत संपल्यावर बाँड पुन्हा कोणत्याही निर्वाचित पदावर आले नाहीत.

नंतरचे सार्वजनिक जीवन

नागरी हक्क चळवळीवरील ‘आइज ऑन द प्राइझ’ या गाजलेल्या माहितीपट मालिकेचे निवेदन बाँड यांनी केले. १९८७ साली प्रसारित झालेल्या या मालिकेमुळे त्यांचा आवाज नव्या पिढीला परिचित झाला. १९९० पासून दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी व्हर्जिनिया विद्यापीठात नागरी हक्क चळवळीचा इतिहास शिकवला. त्यांची व्याख्याने २०२१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

१९९८ ते २०१० या काळात ते १९०९ साली स्थापन झालेल्या ‘एनएएसीपी’ या कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. २००४ साली संघटनेच्या अधिवेशनात त्यांनी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या धोरणांवर कठोर टीका केली. त्यानंतर करखात्याने संघटनेच्या करसवलतीची चौकशी सुरू केली. २००६ साली ती संपली आणि सवलत कायम राहिली. समलिंगी व्यक्तींचे विवाहाचे हक्क हा नागरी हक्कांचाच प्रश्न आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली. ही भूमिका चळवळीतील अनेक धार्मिक नेत्यांना मान्य नव्हती. २०१३ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी, कीस्टोन तेलवाहिनीच्या विरोधात व्हाइट हाउससमोर झालेल्या निदर्शनांत त्यांना अटक झाली.

संघटनेचे ‘स्पिंगार्न पदक’ हे मानाचे पदक त्यांना २००९ साली मिळाले. १५ ऑगस्ट २०१५ रोजी फ्लोरिडातील फोर्ट वॉल्टन बीच येथे अल्पशा आजाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी मेक्सिकोच्या आखातात विसर्जित करण्यात आल्या.

महत्त्व

बाँड यांना राज्यपाल किंवा काँग्रेस सदस्य होता आले नाही. तरीही राज्य पातळीवरील एका आमदाराच्या आसनाचा प्रश्न राष्ट्रीय घटनात्मक प्रश्न कसा होऊ शकतो, याचे त्यांची कारकीर्द हे ठळक उदाहरण आहे. निवडून आलेल्या सदस्याला सभागृह बाहेर ठेवू शकते का, हा प्रश्न १९६९ साली काँग्रेसचे सदस्य ॲडम क्लेटन पॉवेल यांच्या खटल्यात पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तेथेही निकाल निवडून आलेल्या सदस्याच्या बाजूने लागला. एप्रिल २०२३ मध्ये टेनेसीच्या प्रतिनिधिगृहाने शस्त्रनियंत्रणाच्या मागणीसाठी सभागृहात निदर्शने करणाऱ्या जस्टिन जोन्स आणि जस्टिन पिअरसन या दोन कृष्णवर्णीय सदस्यांना काढून टाकले, तेव्हा अनेकांना बाँड यांच्या प्रसंगाची आठवण झाली. दोन्ही प्रसंगांत फरकही आहे. टेनेसीतील कारवाईचे कारण सभागृहाच्या शिस्तीचा भंग हे दाखवण्यात आले होते. बाँड यांना मात्र सभागृहात पाऊल ठेवण्यापूर्वीच, केवळ बाहेर व्यक्त केलेल्या मतासाठी रोखण्यात आले होते.

१९६६ च्या निकालाचा संबंध बाँड यांच्या हक्काशी जितका होता, तितकाच त्यांच्या मतदारांच्या हक्काशीही होता. अटलांटातील ज्या नागरिकांना किंवा त्यांच्या आईवडिलांना दीर्घकाळ मतदानापासून दूर ठेवले गेले होते, त्यांनी दिलेले मत सभागृहातील १८४ सदस्यांनी निरर्थक ठरवले होते. प्रतिनिधी कोण असावा हे ठरवण्याचा अधिकार मतदारांचा असतो आणि प्रतिनिधीचे मत पटले नाही तर त्याला बदलण्याचा मार्ग पुढील निवडणूक हाच असतो, हे तत्त्व या खटल्याने अधोरेखित केले.